लातुरात समुद्र: रीफ टँकच्या दिव्यासाठी एलईडी कुठून आणायच्या?

मांजराकाठ | १९ मे, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

लातुरात माझ्याकडे दोन फुटी खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी (रीफ टँक) आहे. दीड वर्ष झालं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या गावात हा गडी घरात समुद्र करतोय, हे टोमणे ऐकून झालेत. तेव्हा ते सोडून बोला. आत फक्त मऊ प्रवाळ आहेत: मश्रूम, झोअँथिड आणि एक लेदर. दोन क्लाउनफिश.

तयार घेतलेला दिवा या मे महिन्यात गेला. आधी एक बाजू मिणमिणली, मग ड्रायव्हरमधून (एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीतून) करपल्याचा वास. तसाच नवा घ्यायचा तर किंमत ऐकून घाम फुटतो. म्हटलं आपणच बनवू. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून '३ वॉट रॉयल ब्लू' (प्रवाळांना लागतो त्या गडद निळ्या रंगाच्या) अशा ३० एलईडी मागवल्या, पंचवीस रुपयाला एक. लावल्या. प्रकाश आला तो लग्नाच्या मांडवातल्या माळेसारखा. झोअँथिड दहा दिवसांत तपकिरी पडले, निम्मी तोंडं मिटलेली.

खरी रॉयल ब्लू एलईडी आपल्या भागात कुठे मिळते? ओळखायची कशी? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (शब्दशः.)

सोल्डरमास्तर | १९ मे, रात्री ११:१५

टाकीची उंची किती? दिवा पाण्यापासून किती वर? आणि सगळ्यात आधी: जोडणी कशी केली ते लिहा. एलईडीला शिव्या नंतर देऊ.

गप्पीवाला | १९ मे, रात्री ११:२०

वाचतोय. माझ्याकडे नुसते गप्पी आहेत, त्यांना ट्यूबलाइटही चालते. पण धागा रंगणार असं दिसतंय.

मांजराकाठ | २० मे, सकाळी ७:०५

टाकी २४ × १८ × १८ इंच, म्हणजे साधारण १२५ लिटर. दिवा पाण्यापासून ८ इंच वर.

जोडणी: तीन-तीन एलईडी सिरीजमध्ये, प्रत्येक माळेला एक रेझिस्टर, अशा दहा माळा पॅरलल. वर सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा ॲडॉप्टर. दुकानदारच म्हणाला की चालतं. रेझिस्टर मात्र असे तापतात की बोट लावलं तर फोड येईल.

सोल्डरमास्तर | २० मे, सकाळी ८:३०

वाटलंच.

मालक, दहा माळा गुणिले ७०० मिलिअँपिअर म्हणजे ७ अँपिअर. ॲडॉप्टर ५ चा. तो बिचारा पहिल्या दिवसापासून कुंथतोय.

दुसरं, एलईडीला ठरावीक व्होल्ट द्यायचे नसतात, ठरावीक करंट द्यायचा असतो. निळी एलईडी ३.० ते ३.४ व्होल्टच्या मधे कुठेतरी पेटते, प्रत्येकीचा आकडा वेगळा. त्यात ती तापली की तो आकडा खाली येतो. पॅरलल माळांत जी माळ जास्त तापली ती जास्त करंट ओढते, म्हणून आणखी तापते, म्हणून आणखी ओढते. शेजारची उपाशी. तुमच्या काही माळा झगझगीत आणि काही मंद असतील, बघा.

कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर घ्या. मी मीन वेलचा एलडीडी-७००एच वापरतो. काडेपेटीपेक्षा लहान डबी. आत ९ ते ५६ व्होल्ट डीसी घेतो आणि माळेला ७०० मिलिअँपिअर देतो, ना कमी ना जास्त. माळेला लागतात त्याहून ३ व्होल्ट वर हवेत एवढीच त्याची अट. ४८ व्होल्टच्या एसएमपीएसवर (घरच्या विजेचा डीसी करणाऱ्या डब्यावर) ४५ हाताशी राहतात. बारा एलईडी गुणिले ३.२ म्हणजे ३८.४. आरामात. तेराव्या-चौदाव्या एलईडीचा मोह नको, थंडीत व्होल्टेज थोडं चढतं.

ई-बाइकचा चार्जर घरात पडलाय म्हणून जोडू नका. वर ४८ छापलेलं असलं तरी त्यातून ५४-५८ निघतात. एक एलडीडी मी असाच गमावलाय.

नांदेडी_नमुना | २० मे, दुपारी १:१०

कशाला करलालाव एवढा कुटाणा? मी हैदराबादला कोठीच्या गुजराती गल्लीतून आणलो. सकाळी देवगिरी एक्स्प्रेसमधे बसायचं, दुपारी सिकंदराबाद. वीस-पंचवीसवाल्याच एलईडी आहेत, तीन वर्षं झाली, लेदर हातभर झालंय. ब्रँडच्या नावाखाली लोक उगं पैसे उडवतेत.

प्रवाळवेडी | २० मे, दुपारी ३:४५

मूळची परभणीची, आता पुण्यात. थोडं मुळातून सांगते, मग ब्रँडचं भांडण घाला.

प्रवाळाच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, झूझँथेली. प्रवाळाचं बहुतेक जेवण तेच रांधतं. त्याच्याकडे क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी२ आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्यं असतात, आणि ती मुख्यतः ४०० ते ५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळ्या-निळ्यापासून हिरव्याच्या काठापर्यंतचा प्रकाश खातात. लाल प्रकाश समुद्राच्या पहिल्या काही मीटरमध्येच विरतो, खाली उरतो तो निळा. म्हणून रीफच्या दिव्यात ४४५ ते ४५५ ची रॉयल ब्लू हा पाया असतो. ४७० ची साधी निळी वाईट नाही, पण ती भाजीतलं मीठ आहे, भाकरी नव्हे. आणि ४५० ला प्रवाळाची चमक जशी उठते तशी ४७० ला उठत नाही. मांडवाच्या माळेसारखं वाटलं म्हणजे बहुधा ४७० च.

मांजराकाठदादा, मऊ प्रवाळांना फार प्रकाश लागत नाही. मश्रूमला ५० पार (शैवालाच्या उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरे, झोअँथिडला शंभराच्या आसपास, लेदरला थोडा जास्त. तीस एलईडी पूर्ण ताकदीने? गरजच नाही. तुमचे झोअँथिड अंधाराने तपकिरी झाले की चुकीच्या रंगाने, हे इथून सांगता येणार नाही. पण संख्या वाढवून ते सुटणार नाही एवढं नक्की.

जाता जाता, मऊ प्रवाळच ठेवताय हे उत्तम. कडक सांगाड्याचे प्रवाळ आणि सी-फॅन २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. कुणी "आपल्याच समुद्रातलं आहे, घेऊन जा" म्हणालं तर हात जोडा आणि निघा.

मांजराकाठ | २० मे, रात्री ९:३०

ताई, धन्यवाद. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप टाकलं होतं, आकडा इतका कमी येत होता की मी आणखी दहा एलईडी मागवणार होतो.

प्रवाळवेडी | २० मे, रात्री ९:५०

थांबा! लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्याला सगळ्यात तिखट, आणि ४५० ला त्याच्या जेमतेम ४ टक्के. रॉयल ब्लू जितकी खरी तितका लक्स कमी दिसणार. पार मीटर हवा, तोही निळ्याला न्याय देणारा. एपोजीचा एमक्यू-५१० पाण्याखाली चालतो. पण विकत घेऊ नका, त्यात दोन दिवे होतील. आमच्या इकडे चार जणांत एक फिरतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निवृत्त_गुरुजी | २१ मे, सकाळी ६:१५

अंबाजोगाईहून. मासे पाळत नाही, भौतिकशास्त्र शिकवत होतो. धागा नातवानं दाखवला.

एलईडी रॉयल ब्लू आहे की नाही हे घरी, फुकट तपासता येतं. लागतं काय: बुटाचं खोकं, दाढीचं ब्लेड, एक कोरी डीव्हीडी आणि जुना सीएफएल बल्ब. सीएफएल फेकले नसतील तर माळ्यावर सापडेल.

डीव्हीडी कडेला सुरी घालून उकलावी, तिचे दोन पापुद्रे निघतात. चांदी नसलेला पापुद्रा घ्यावा. जांभळा रंग लागलेला असेल तर स्पिरिटनं पुसावा. कडेचा दीड इंचाचा तुकडा कापावा. डीव्हीडीवरच्या रेघांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे उत्तम ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी रेघांची जाळी). खोक्याच्या एका टोकाला ब्लेडचे दोन तुकडे समोरासमोर चिकटवून केसाएवढी फट ठेवावी. दुसऱ्या टोकाला भोक पाडून तिथे डीव्हीडीचा तुकडा लावावा, रेघा फटीला समांतर. बाहेरून मोबाइलचा कॅमेरा रंगांचा पट्टा दिसेल इतका तिरका टेकवावा आणि टेपनं पक्का करावा. मग तो हलता कामा नये.

आता सीएफएलचा फोटो घ्या. त्यातल्या पाऱ्याच्या रेघा निसर्गानं आखून दिलेल्या आहेत: एक जांभळट निळी ४३६ वर, एक हिरवी ५४६ वर. तीच तुमची फूटपट्टी. मग खोकं न हलवता एलईडीचा फोटो. पिक्सेल मोजा आणि त्रैराशिक मांडा. दोन-तीन नॅनोमीटरची चूक धरावी.

तेवढाही उद्योग नको असेल तर घरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बकडे त्याच खोक्यातून पाहा. पांढरी एलईडी म्हणजे निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर. तिचा निळा उंचवटा साधारण ४५० लाच असतो. तुमची 'रॉयल ब्लू' त्या उंचवट्याच्या हिरव्या बाजूला सरकलेली दिसली की समजावं.

लाल एलईडी १९६२ मध्ये आली. चांगली झगझगीत निळी यायला तीसेक वर्षं गेली, आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्याच निळ्या एलईडीसाठी मिळालं. पंचवीस रुपयांत ती मिळते यातच मला आनंद आहे. असो.

गप्पीवाला | २१ मे, सकाळी ७:०० 

गुरुजी, साष्टांग.

मांजराकाठ | २४ मे, रात्री ११:५५

केलं!

खोकं मुलीच्या शाळेच्या बुटाचं. पहिल्या वेळी फट जाड झाली, सगळे रंग एकमेकांत सांडले. ब्लेड जवळ सरकवून मधे वहीचा एक कागद धरला आणि तो ओढून काढला, मग रेघ सुईसारखी आली. सीएफएलची जांभळी रेघ ४१२ व्या पिक्सेलला, हिरवी ९६२ ला. म्हणजे ११० नॅनोमीटरला ५५० पिक्सेल, एका नॅनोमीटरला ५. माझ्या एलईडीचा उंचवटा ५७७ ला.

५७७ वजा ४१२ म्हणजे १६५, भागिले ५ म्हणजे ३३. ४३६ अधिक ३३ म्हणजे ४६९.

तीसही तपासल्या. चार ४६० च्या आसपास, बाकी ४६६ ते ४७२. रॉयल ब्लू एकही नाही. गुरुजी, पाया पडतो.

नांदेडी_नमुना | २५ मे, सकाळी १०:२०

मला बी रात्रभर झोप आली नाही, खोकं मी बी केलो. माझ्या लेदरवरच्या ४५५ निघाल्या. मागच्या वर्षी त्याच दुकानातून, त्याच पिशवीतून, त्याच दरानं आणलेल्या ४६७! दुकानदाराला फोन लावलो. तो म्हणतो, "साब, ब्लू तो ब्लू है."

मास्तर, स्वस्तातल्या मालाचा भरवसा नाही हे खरं. पण माझं बी खोटं नाही.

सोल्डरमास्तर | २५ मे, दुपारी १२:०५

दोन्ही खरंच आहे. स्वस्त एलईडीत चिप वाईटच असते असं नाही. पण कोणती चिप आली हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. कंपनीच्या एलईडीत पैसे जातात ते 'बिन'चे, म्हणजे प्रतवारीचे. प्रत्येक चिप मोजून तरंगलांबीप्रमाणे आणि उजेडाप्रमाणे वेगळ्या रिळावर भरलेली असते, आणि तो कोड ऑर्डरमध्ये लिहिलेला असतो. क्रीची एक्सटी-ई रॉयल ब्लू, ल्युमिलेड्सची ल्युक्सिऑन रिबेल, ऑसरामची ऑस्लॉन. यातली कुठलीही चालेल. क्री बुडाली असं कुणी सांगेल. बुडाली नाही, तिचा एलईडीचा धंदा २०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेला, माल येतो.

कुठून आणायच्या:

मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्याला तपकीर गल्ली. पण तिथे क्री मागितली की क्रीसारखी दिसणारी पुढे येते. मांडणीतल्या बरणीतून सुट्ट्या काढून दिल्या तर माझ्या मते खऱ्या नाहीत असं धरून चाला. तिथून एसएमपीएस, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारं ॲल्युमिनियम), पंखे, वायर आणा. अलीएक्सप्रेसवरून आणायचे जुने सल्ले नेटवर सापडतील, पण ते २०२० च्या नोव्हेंबरपासून भारतात बंद आहे. मी एलईडी डिजीकी, माउसर किंवा एलिमेंट१४ वरून घेतो. रुपयात बिल, सोबत बिन कोड. बाहेरून पार्सल आलं तर कस्टमसाठी केवायसी लागतं. पाठवणावळ एका एलईडीलाही तेवढीच आणि पन्नासलाही तेवढीच, म्हणून चार जण मिळून मागवा. इथेच यादी करू.

अडचण एक. या एलईडी नुसत्या येतात, स्टारवर (ॲल्युमिनियमच्या छोट्या चकतीवर) बसवलेल्या नाहीत. एक्सटी-ई साडेतीन मिलिमीटरची पण नाही. हातानं सोल्डर होत नाही, कारण पॅड तिच्या पोटाखाली असतात. मी जुनी इस्त्री उलटी करून दोन विटांमधे बसवतो. ॲल्युमिनियमच्या कोऱ्या स्टारवर सुईच्या टोकाएवढी सोल्डर पेस्ट, वर चिमट्यानं एलईडी, कॅथोडची खूण बघून. इस्त्री तापली की राखाडी पेस्ट एकदम चांदीसारखी चमकते आणि वाकडी ठेवलेली एलईडी आपोआप फिरून सरळ बसते. ते बघायला मी अजून थांबतो. चमकली की लगेच चिमट्यानं उचलून बाजूला. ती इस्त्री परत कपड्यांना नाही.

मांजराकाठ | २५ मे, दुपारी २:३०

माझ्या १२ रॉयल ब्लू लिहा. बाकी काय घेऊ?

प्रवाळवेडी | २५ मे, संध्याकाळी ५:१०

१२ रॉयल ब्लू, ६ कूल व्हाइट ६५०० केल्विनच्या, ३ साध्या निळ्या, ३ जांभळ्या ४१५-४२० च्या. जांभळ्या महाग पडतात आणि लवकर थकतात. हात आखडता घ्यायचा तर तिथे घ्या. तीन चॅनेल (वेगवेगळे कमी-जास्त करता येणारे गट), तीन ड्रायव्हर. पांढऱ्या वेगळ्या चॅनेलवर हव्यातच. त्या जास्त झाल्या की टाकी मठ्ठ पिवळी दिसते, आणि त्याच करंटवर बांधल्या असतील तर कमी करता येत नाहीत. लाल नको. १८ इंचाच्या टाकीला ६० अंशांच्या भिंगांचीही गरज नाही, खाली ठिपके पडतील.

सोल्डरमास्तर | २५ मे, रात्री ८:००

आता उष्णतेकडे या. तुमचा पहिला दिवा मे महिन्यातच का गेला, विचार केलात?

२४ एलईडी गुणिले ३.२ व्होल्ट गुणिले ०.७ अँपिअर म्हणजे ५४ वॉट. ('३ वॉट' हे नाव आहे, प्रत्यक्षात सव्वादोन.) त्यातला निम्मा तरी उष्णता होतो. हे तयार दिवे जिथे बनतात तिथली हवा २५ अंशांची असते. आपल्याकडे दुपारी बाहेर ४२-४३ आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. हीटसिंक दुप्पट घ्यायचा, विषय संपला.

नवा घेऊ नका. भंगारात जळालेला एलईडी पथदिवा शोधा, ५० वॉटचा. ड्रायव्हर गेलेला असतो, पण मागची उभ्या पात्यांची जाड ॲल्युमिनियम बॉडी शाबूत. मी वजनावर घेतली. तळ सॅंडपेपरनं घासून घ्या, पांढरी हीटसिंक पेस्ट अगदी पातळ, दोन स्क्रूनं स्टार घट्ट. वायरीचे पॅड स्टार बसवण्याआधीच कथील लावून ठेवा, नाहीतर बसवल्यावर हीटसिंक सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि २५ वॉटची सोल्डरिंग हात टेकते. शेवटी मल्टिमीटरनं पॅड आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी बघा. बीप वाजला तर वीज जोडू नका. स्वस्त एलईडीत मधली गोटी कधी कधी एका पायाला जोडलेली असते.

खाली ॲक्रिलिकची पट्टी हवी. खाऱ्या पाण्याचे तुषार सोल्डर वर्षभरात हिरवं करतात. घरात आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी ती बसवा, दिवा नंतर.

नांदेडी_नमुना | २५ मे, रात्री ८:४०

टाकीच्या पाण्याचं बी बघा. मी पाण्यावर दोन १२ व्होल्टचे पंखे सोडलो, तीन अंश उतरतंय. मुंबईवाल्यांना हे जमत नाही, त्यांची हवा दमट. आपली कोरडी, कूलरसारखं काम करते. मात्र पाणी रोज भरावं लागतं, आणि ते आरओचंच, मिठाचं नाही. बोअरचं टाकलो होतो एकदा. सांगत नाही काय झालं ते.

मांजराकाठ | ९ जुलै, रात्री १०:२०

अपडेट. पथदिव्याची बॉडी जालन्याला भावजींनी शोधली, एमआयडीसीतल्या भंगारातून. एलईडी पाच जणांत मागवल्या. इस्त्रीवर पहिल्या दोन जाळल्या, उचलायला उशीर झाला. बाकी बावीस बसल्या आणि मास्तरांनी दोन उसन्या दिल्या. खोक्यातून पाहिलं: उंचवटा ४९२ व्या पिक्सेलला. ४५२!

दिवा लागला तेव्हा आधी वाटलं फसलो, इतका मंद. मग मश्रूमकडे बघितलं तर त्याचे ठिपके हिरव्या विस्तवासारखे.

एक अडचण: ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड) वरून डिम करतोय. वर चढवताना ठीक, पण २० टक्क्यांच्या खाली सगळं लुकलुकतं.

सोल्डरमास्तर | ९ जुलै, रात्री १०:३५

नेटवरचा नमुना कोड जसाच्या तसा टाकला ना? त्यात फ्रिक्वेन्सी ५००० हर्ट्झ असते. एलडीडी १०० ते १००० मध्ये चालतो. ५०० करा.

मांजराकाठ | ९ जुलै, रात्री १०:५०

गेलं लुकलुकणं. मास्तर, तुम्ही लातूरला आलात की जेवण माझ्याकडे.

प्रवाळवेडी | १० जुलै, सकाळी ९:००

पूर्ण ताकद लगेच देऊ नका. वीस टक्क्यांपासून, आठवड्याला पाच-सात टक्के वाढवा. उपाशी प्रवाळाला एकदम जेवण घातलं की ते पांढरं पडतं. मीटर पुढच्या आठवड्यात कुरिअर करते. आणि खालून दिव्यात वाकून बघू नका. रॉयल ब्लू मंद वाटते, पण डोळ्यात जायची तेवढी जाते.

मांजराकाठ | २२ ऑगस्ट, रात्री ९:१५

मीटर आला, मोजून परत पाठवला. ४५ टक्क्यांवर वाळूत ६०, मधल्या दगडावर ११०. इथेच थांबवलंय. झोअँथिडची मोजून सतरा तोंडं उघडलीत, मधे केशरी कडा परत आली. दोन तोंडं गेली ती गेलीच.

नांदेडी_नमुना | २२ ऑगस्ट, रात्री ९:४०

झकास! अन् त्या तीस ४६९ वाल्यांचं काय केलाव?

मांजराकाठ | २२ ऑगस्ट, रात्री ९:४२

गणपतीच्या मखराला. मास्तरांच्या हिशेबानं, सिरीजमध्ये, ड्रायव्हर लावून. 

नवा_मासा_बीड | ३ सप्टेंबर, दुपारी ४:१०

छान माहिती. मी पण बनवणार आहे. सीसीटीव्हीचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर घरात पडलाय, तो चालेल का?

सोल्डरमास्तर | ३ सप्टेंबर, दुपारी ४:१२

धागा वरून वाचा.